काळ्या दगडाखालचे रान

मी, सत्यशीला गोरक्षनाथ पाखरे, वय वर्षे सत्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, आज माझ्या घरी पूर्ण शुद्धीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी सांगितले म्हणून नाही आणि कुणाला भिऊनही नाही. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून अक्षर चांगले दिसते. गुडघे गेले आहेत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. यापूर्वी सन २०१४ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. माझ्यामागे हेच खरे धरावे.

१. माझे यजमान कै. गोरक्षनाथ विहिरी खोदत. ते आणि त्यांचे धाकटे भाऊ वाल्मिक अशी जोडी होती. तिसगावपासून मिरीपर्यंत आज ज्या विहिरींना पाणी आहे, त्यांतल्या कितीतरी या दोघांच्या हातच्या. स्वतःच्या रानात मात्र त्यांना पाणी लागले नाही. दि. १४ मार्च १९९१ रोजी ते आमच्याच विहिरीत वारले. मला एकच अपत्य, मुलगा सुनील. तो पत्नी पंकजासह केडगावला राहतो आणि नगरच्या कंपनीत नोकरी करतो. याखेरीज माझ्या मिळकतीवर कुणाचा हक्क नाही.

२. तिसगावचे राहते घर पंकजा व सुनील यांचे, निम्मे निम्मे. पंकजाचे नाव मी मुद्दाम आधी लिहिले आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सव्वा महिना तिने माझ्या डोळ्यांत दिवसातून सहा वेळा थेंब घातले आणि एकदाही घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकला नाही. बँकेत जे काही असेल ते आणि माझ्या दोन पाटल्या तिच्याच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माझी पुस्तके, पृथ्वीचा गोल आणि स्नेहलने दिलेले भिंग वस्तीवरच्या शाळेला द्यावे. भिंग कपाटात कुलूप लावून ठेवू नये. मुलांच्या हातून फुटले तरी चालेल. स्नेहल कोण, ते पुढे लिहिले आहे.

४. गट नंबर २१४ मधील माझ्या नावावरची तीन एकर जिराईत जमीन सुनीलची. या जमिनीच्या उत्तरेच्या बांधाजवळ आमची कोरडी विहीर आहे. तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सुनीलला ती बुजवायची आहे, मला ती उघडी ठेवायची आहे, आणि दोघांचीही कारणे खरी आहेत.

विहिरीचे काम १९९० च्या दिवाळीनंतर सुरू झाले. वर मुरूम लागला, मग ठिसूळ मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण. पाषाणातच तीन परस गेले. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. पाचव्या परसाला पाषाण एकदम संपला आणि हातभर जाडीचा लालभडक मातीचा पट्टा लागला. आमच्याकडे त्याला गेरू म्हणतात. गेरू लागला की पाण्याची आशा सोडावी, असे खोदणारेच सांगतात. त्या संध्याकाळी यजमान टॉवेलात गेरूचे एक ढेकूळ बांधून घरी घेऊन आले. मी वह्या तपासत होते. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "काळ्या दगडाखाली रान लागलं बघ. कुनाचं तरी जुनं रान हाय. वरून दगड आला नि झाकून गेलं."

मी मान वर न करता म्हणाले की दगडाखाली दगडच असतो, चौथीच्या पुस्तकात दिले आहे. ते हसले. विहीर तिथेच थांबवायला हवी होती, पण या पट्ट्याखाली काय आहे ते त्यांना पाहायचे होते. अजून एक परस जाऊ, म्हणाले. चौदा तारखेला सकाळी सहा सुरुंग लावले. त्यातला एक उडालाच नव्हता, की उडूनही त्यात दारू उरली होती, हे कुणाला माहीत नाही. ते खाली उतरले, पहार घातली आणि स्फोट झाला. मी तेव्हा शाळेत तिसऱ्या तासाला होते. सुनील दुसरीत होता, शेजारच्याच वर्गात.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षे त्या विहिरीत कुणी उतरले नाही. सन २०१९ च्या जानेवारीत केडगावची एक मुलगी आली. स्नेहल तिचे नाव. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती जुन्या मातीचा अभ्यास करते. या भागातल्या कोरड्या विहिरी पाहत ती आमच्या बांधापर्यंत आली होती. मी परवानगी दिली. दोर बांधून ती खाली गेली, दोन तासांनी वर आली ती कोपरापर्यंत लाल होऊन. ओट्यावर चहा पिताना ती सांगू लागली की तो पट्टा म्हणजे एके काळची उघडी जमीन आहे. पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस आला, थंड होऊन दगड झाला. त्या दगडावर हजारो वर्षे ऊन, वारा, पाऊस पडून माती झाली. मग दुसरा रस आला आणि त्याने ती माती भाजून झाकून टाकली.

मी तिला पुढे बोलू दिले नाही. आत गेले आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ उभी राहिले. जे माझ्या पुस्तकात नव्हते ते त्या माणसाला पहारीच्या टोकाने कळले होते, आणि मी त्यांना चौथीतल्या मुलासारखे गप्प केले होते.

बाहेर आल्यावर मी तिला विचारले की तुला या मातीचे काय करायचे आहे. ती म्हणाली, मंगळ. मला वाटले मंगळवारबद्दल बोलते आहे. मग तिने नीट समजावले. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी मंगळावर पाणी वाहत होते. तिथेही असाच दगड आहे आणि अशीच जुनी माती. तेव्हा तिथे काही जिवंत असेल तर ते डोळ्यांना न दिसणारे, बारीक असेल. त्याची हाडे मिळायची नाहीत, फार तर मातीत खूण मिळेल. माणसाने पाठवलेली यंत्रे आज तिथे दगड तपासत फिरत आहेत. पण खूण ओळखायची कशी? जिथे जीव होता हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, त्या आपल्या मातीत भाजल्यानंतर काय उरते, हे आधी शिकावे लागते. त्यासाठी तिला आमचा गेरू हवा होता.

ती पाच वेळा आली. नमुन्यात तिला केसाएवढ्या नळ्या सापडल्या. भिंगातून मीही पाहिल्या, मुळ्यांसारख्या दिसत होत्या. ही बातमी गावात कशी फिरली कोण जाणे. एका साप्ताहिकाने तर छापले की तिसगावच्या विहिरीत मंगळाचा जीव सापडला. लोक मोटारसायकलींवर बसून पाहायला येऊ लागले. कुणीतरी काठावर नारळ फोडून गेले.

सन २०२२ मध्ये शाळेच्या कार्यक्रमात तिला बोलायला बोलावले. मंडप भरला होता. ती उभी राहिली आणि म्हणाली की त्या नळ्या मुळ्यांच्या असू शकतील, किंवा नुसते पाणी झिरपून क्षार साचल्यानेही झालेल्या असतील. अजून सांगता येत नाही. आपल्याच मातीचे हे असे, मग मंगळाचे तर बोलायलाच नको. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चिडून म्हणाले, मग तीन वर्षे केलं काय? ती शांतपणे म्हणाली, "मी तेव्हा तिथं नव्हते. कुणीच नव्हतं. दगड सांगेल तेवढंच मला लिहिता येतं, त्याच्यापुढं एक शब्द नाही."

लोक नाराज होऊन घरी गेले. मी मात्र खुर्चीवरून उठले नाही. का, ते सहाव्या कलमात येईल.

पुढच्या वर्षी सुनील जेसीबी घेऊन आला. रस्ता रुंद झाल्यामुळे जमिनीला भाव आला आहे, आणि उघडी विहीर धोक्याची, हे त्याचे म्हणणे चुकीचे नाही. मी काठावर जाऊन उभी राहिले. त्याने मशीन बंद करायला लावले आणि मला म्हणाला, "आई, बाबांपेक्षा तुला मंगळ जवळचा झाला का?" त्याचे उत्तर आज लिहिते. सुनील, तुझ्या बाबांनी शेवटी जे पाहिले ते त्या विहिरीत आहे. जगात ते पाहणारे ते पहिले माणूस होते, आणि त्यांनी ते बरोबर ओळखले होते. तुझ्यासाठी ती त्यांच्या मरणाची जागा आहे. माझ्यासाठी ती त्यांच्या शेवटच्या शहाणपणाचीही जागा आहे. दोन्ही एकाच खड्ड्यात आहेत, त्याला मी काय करू?

विहिरीपुरते दोन गुंठे तोडून शाळेच्या नावे करावेत असे माझ्या मनात होते. वकीलसाहेब म्हणाले, एवढा तुकडा वेगळा होत नाही. म्हणून जमीन पूर्ण सुनीलची. विहीर बुजवू नये, वर लोखंडी जाळी बसवावी, आणि स्नेहलला किंवा तिचे पत्र घेऊन येणाऱ्याला उतरू द्यावे, ही माझी इच्छा आहे, अट नाही. अट घातली तर तो पाळील, पण माझ्यावर रागावून पाळील. तसे मला नको.

हा मजकूर मी गेल्या रविवारी त्याला वाचून दाखवला. त्याने चहा संपवला आणि पस्तीस वर्षांत प्रथमच एकटा विहिरीकडे गेला. काठावर उकिडवा बसलेला मला ओट्यावरून दिसत होता. परत आल्यावर एवढेच म्हणाला की जाळीला किती अँगल लागेल ते टेपने मोजावे लागेल. मी त्याचा अर्थ लावत नाही.

५. गेल्या सप्टेंबरात पेपरात आले की मंगळावरच्या यंत्राने तपासलेल्या एका दगडावर ठिपके आहेत आणि ती जुन्या जिवाची खूण असू शकेल. मी स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, बाई, 'असू शकेल' हे शब्द छापले ना, मग बातमी चांगली आहे. माझ्या हयातीत याचा निकाल लागणार नाही, हे मला कळते. मला त्याचे दुःख नाही. पुढे कधी खरी बातमी आली, हो म्हणून किंवा नाही म्हणून, तर पंकजाने ती वस्तीवरच्या शाळेत जाऊन मुलांना वाचून दाखवावी. बातमी नाही आली तर अजून माहीत नाही, असे सांगावे. मुलांना हे तिसरे उत्तर कुणी शिकवत नाही. मीही अडतीस वर्षांच्या नोकरीत शिकवले नाही.

६. आता माझे दीर वाल्मिक यांच्याविषयी.

सुरुंग उडताना काठावर उभे राहून आवाज मोजायचे काम त्यांचे होते. त्या सकाळी त्यांनी सहा आवाज झाल्याचे सांगितले, म्हणून यजमान खाली उतरले. तेराव्याला, सगळ्या सोयऱ्यांसमोर, मी म्हणाले की याने नीट मोजले असते तर माझे कुंकू राहिले असते. ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांनी मान खाली घातली आणि त्यानंतर कधीही विहिरीचे काम केले नाही. ऊसतोडीला जाऊ लागले. आमच्या दोन घरांत वीस पावलांचे अंतर आहे. आम्ही एकतीस वर्षे बोललो नाही. सन २०१४ च्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की वाल्मिकने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

शाळेच्या मंडपात ती मुलगी म्हणाली, मी तिथं नव्हते, तेव्हा मला तेराव्याचे माझे वाक्य आठवले. मीही तिथे नव्हते. मी तिसरीच्या वर्गात बेरजा घेत होते. आवाज किती झाले ते मी ऐकले नव्हते. खोल विहिरीत आवाज घुमतो, एकाचे दोन ऐकू येतात, हे सगळ्या खोदणाऱ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होते. तरी मी जे पाहिले नाही ते ठाम सांगितले, आणि एका माणसाचे आयुष्य त्यावर गेले.

त्याच संध्याकाळी मी ती वीस पावले चालले. माफी मागता आली नाही. कसे आहात, एवढे विचारून परत आले. त्यानंतर येणेजाणे सुरू झाले, पण त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. काल मी हे कलम घेऊन त्यांच्याकडे गेले आणि वाचून दाखवले. यात मी लिहिले होते: "वाल्मिक यांच्यावर मी ठेवलेला आरोप मी मागे घेते. त्यांच्या मोजण्यात चूक नव्हती."

भाऊजींनी ते शेवटचे वाक्य मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "चूक नव्हती असं नका लिवू, वहिनी. सहावा आवाज खरा हुता का घुमलेला, हे मलाबी आजवर कळलं न्हाई. रोज मोजतो मी. कधी पाच भरत्यात, कधी सहा."

मी विचारले की मग काय लिहू. ते म्हणाले, "हाय ते लिवा. मी सई करतो."

म्हणून आधीचे वाक्य खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे. यजमानांची पहार, दगड फोडायची सुतकी आणि छिन्न्या वाल्मिक यांना द्याव्यात. खांद्याविषयीचे जुने कलम रद्द झालेच आहे. त्यांना झेपेल तेवढे त्यांनी करावे. आणि आरोपाच्या जागी पुढील मजकूर कायम राहावा:

दि. १४ मार्च १९९१ रोजी सुरुंगांचे आवाज किती झाले, हे सत्यशीला हिला माहीत नाही, कारण ती तिथे नव्हती. वाल्मिक यांनाही माहीत नाही, आणि ते तिथे होते. याच्या पुढे कुणी काही बोलू नये.

ठिकाण : तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

(सही) सत्यशीला गोरक्षनाथ पाखरे

सत्यशीलाबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, चष्मा पुसून, प्रत्येक पान पुन्हा वाचून वरील सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार :
१. (सही) काकासाहेब दादाबा शिरसाट, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, तिसगाव
२. (सही) मनकर्णा सहादेव नरवडे, अंगणवाडी सेविका, तिसगाव

साक्षीदार म्हणून नव्हे, फक्त कलम सहापुरती :
(सही) वाल्मिक पाखरे