आमच्या पार्किंगमधली घोणस

भोरच्या पुढे, रानातून
९ नोव्हेंबर २०२४

ती. वन्संना सा. न. वि. वि.

आमच्या डोंगरावर फोन लागत नाही आणि लागला तरी तुम्हाला ऐकू येत नाही. तेव्हा पोस्टमनला पायपीट घडवण्यावाचून इलाज नाही. आम्ही खुशाल आहोत. म्हणजे तुमचे बंधुराज खुशाल आहेत.

माझं मात्र या पाच एकरांत अवघड झालंय. शाळेतून निवृत्त झाल्यावर यांनी झाडांत राहायचं ठरवलं, मीही हौसेने आले, खोटं कशाला बोलू? धामण दिसली, हरणटोळ दिसला, मी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या आळीत आपण भाडेकरू, एवढं मलाही कळतं. पण आता हडपसरचा साई म्हणून एक सर्पमित्र आहे, तो शहरात पकडलेले साप बरण्यांत घालून आमच्याकडे आणून सोडतो! यांनीच त्याला सांगून ठेवलंय, आमचं रान मोकळंच आहे म्हणून. दर रविवारी पाहुणे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय! परवा एक नाग आणि दोन घोणशी होत्या. सोडतात ओढ्याकाठी आणि आमचं सरपण तिथून हाकेच्या अंतरावर.

मी बोलले की हे मला प्राणिशास्त्र शिकवतात. म्हणतात, साप आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही. अहो, पण दोघांची वाट एकच असली तर? संध्याकाळी लाकडं आणायला काठी आपटत जाते आणि परत आल्यावर कितीतरी वेळ छाती धडधडत राहते. मला खरंच भीती वाटते, वन्सं. चेष्टेत लिहितेय म्हणून चेष्टा समजू नका.

हे तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. ताई म्हणेल ती पूर्वदिशा, हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. एकदा यांना खडसावून लिहा, की साई आला तर त्याला फाटकातूनच परत पाठव. एवढं माझ्यासाठी कराच.

गुडघ्यांना तेल लावत जा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची भावजय,
सुनीती


मांजरी बुद्रुक, पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं, हे तुझ्या लक्षात आहे याचं समाधान वाटलं.

इकडची गंमत ऐक. सोसायटीमागे ऊसतोड सुरू झाली आणि मंगळवारी आमच्या पार्किंगमध्ये चांगली जाडजूड घोणस निघाली! कुकरसारखी फुसफुसत होती म्हणे, मला अर्थातच काही कळलं नाही. सगळी सोसायटी जिन्यात चढून बसलेली. आमचे चेअरमन लोखंडी कांब घेऊन धावले, तशी मी आडवी गेले. म्हटलं, मुक्या जिवाला मारायचं नाही, माझ्या भावाचं रान आहे. बोलावल्यावर आला कोण, तर तुझा साईच! त्याला बजावलं, हिला थेट माधवकडे नेऊन सोड आणि ताईने पाठवली म्हणून सांग. तेव्हा सासरकडची पाहुणी येते आहे. ओटी भर तिची!

राहिली तुझी भीती. उगाच पराचा कावळा करू नकोस. पाच एकरांत साप कुठे आणि तू कुठे! माधवला लिहीन कधीतरी. पण त्याने इतक्या वर्षांनी मनासारखं काही मांडलंय, त्यात मी कशाला विरजण घालू? बाहेर जाताना बॅटरी नेत जा. संक्रांतीला दोघं या, मंडईतून ताजे सोलाणे आणून ठेवते.

राग आला असेल तर या पत्रापुरता ठेव, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी वन्सं,
मंदाकिनी


मांजरी बुद्रुक, पुणे
८ जानेवारी २०२५

चि. माधवास आशीर्वाद.

सुनीतीचं तेरावं उरकून तू त्याच संध्याकाळी रानात निघून गेलास. मला अडवताही आलं नाही.

इस्पितळात तू माझ्याशी बोलत होतास. रक्त थांबत नाही, मूत्रपिंडं बंद पडली, सगळं कागदावर लिहून सांगत होतास. पण माझ्याकडे बघत नव्हतास. माझे कान गेलेत रे, डोळे नाही.

तिने मला लिहिलं होतं, माधव. तुला खडसाव म्हणून विनवलं होतं. मी लिहिलं नाही. वर ती घोणस पाठवली आणि ओटी भर म्हणून विनोद केला. जळो माझी जीभ! पोरगी घाबरली होती आणि मी तिला बॅटरी ने म्हणाले.

सरपणातून लाकूड ओढताना घोणस चावली, याउपर तू काही सांगितलं नाहीस. मला एकच कळव. ती आमच्या पार्किंगमधली नव्हती ना? तुला सापांतलं कळतं. नव्हती, एवढं एका ओळीत लिही. दुसरं काही मागत नाही.

आणि इकडे राहायला ये. मागची खोली रिकामीच आहे.

तुझी ताई


भोरच्या पुढे
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ते पत्र सुनीतीने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ओटीच्या वाक्याला मी खो खो हसलो. ती हसली नाही. रात्री पानं वाढताना भांडी आपटत होती आणि मी तिला विचारलंही नाही. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. मी तर इथेच होतो.

रविवारी साई आला होता. बरणीत नाग होता. सुनीतीबद्दल ऐकून फाटकाबाहेरच मटकन खाली बसला, रडला. मग म्हणाला, सर, आता याला कुठे नेऊ? मी कुलूप काढलं नाही. साप माणसाचा मित्र असतो, हे मी वर्गावर्गांतून शिकवलं. आता ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

तिकडे येणार नाही. तुझ्यावर रागावून नाही. इथून निघावं असं वाटण्याइतकंही काही उरलेलं नाही. संध्याकाळी मी सरपणापर्यंत जातो, काठी न आपटता. काही होत नाही. परत येतो.

आता तू विचारलंस त्याबद्दल. ती घोणस मला ओझरती दिसली, लाकडांत शिरताना. सगळ्या घोणशी सारख्याच असतात. तुझी होती की आधीच्या रविवारची की इथलीच, हे मलाच काय, कुणालाही सांगता येणार नाही. तरी तुझ्या जिवाला शांतता मिळावी म्हणून, नव्हती, एवढंच लिहायचं ठरवून बसलो होतो. असा बसतोय त्याचा आज कितवा दिवस आहे कोण जाणे. लिहिता येत नाही, ताई.

माधव