एकास एक

प्रिय धाकटे,

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आपण दोघी एकदा लाकडी मोजपट्टीचा फोटो काढत बसलो होतो, आठवतंय? तू वैतागून म्हणालीस, ताई, लोक माणसांचे फोटो काढतात आणि आपण पट्टीचे! मी म्हटलं, आधी पट्टी, मग कपाटातले टाचणीवरचे भुंगेरे. चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टीवरचे छत्तीस मिलिमीटर मावले, म्हणजे फिल्मच्या रुंदीएवढेच, की ते झालं एकास एक. वस्तू जेवढी, तेवढीच तिची फिल्मवरची प्रतिमा. बहात्तर मावले तर निम्मी. मग प्रिंट भिंतीएवढा काढला तरी ते प्रमाण बदलत नाही. तुला हे पटायला दुपारचा चहा उजाडला. पटल्यावर मात्र तू ते शिपायालाही समजावायला गेलीस आणि बिचारा किल्ल्या विसरून पळाला.

आता फिल्म गेली, कॅमेरा बदलला, पण भुंगेरे तेच आहेत आणि प्रमाणही तेच. त्यांच्या शेवटच्या कपाटाचं काम चाललंय. अर्धं झालंय. उरलेलं अर्धं त्याच मापानं व्हायला हवं, नाहीतर इतक्या वर्षांचं काम शेजारी-शेजारी ठेवून ताडता येणार नाही. सध्या मला दुसरी कसलीच काळजी नाही.

तुझ्या त्या घोटाळ्याची गोष्ट मी संग्रहालयाच्या नव्या प्रमुख बाईंना सांगितली. (साहेब कधीच निवृत्त झाले.) त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. इतक्या जवळून फोटो काढताना फोकससाठी लेन्सची रिंग फिरवायची नसते, ती एका जागी ठेवून कॅमेराच केसभर पुढे-मागे सरकवायचा असतो, कारण रिंग फिरली की प्रमाणही बदलतं. तू दर भुंगेऱ्याला मायेनं रिंग फिरवलीस. साहेबांना त्यात एक नवी, थोराड जात सापडली आणि आठवडाभर ते छाती पुढे काढून चालले. मग त्यांनी टाचणीवरचा भुंगेरा स्वतः मोजला, तर तो नेहमीएवढाच! तुमच्या धाकटीला नवरा-नवरीचेच फोटो जमतील, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले आणि तू खरंच जाऊन स्टुडिओ काढलास. चांगला चालवलासही. पण तुझ्या नवरीच्या फोटोंतही कानातल्याचा खडा आधी दिसतो, नवरी नंतर. मला कळत नाही असं समजू नकोस.

प्रमाण वाढलं की स्पष्ट दिसणारा थर कागदाएवढा पातळ होतो, हे तू जाणतेसच. भुंगेऱ्याच्या शिंगाचं टोक फोकसमध्ये धरलं तर पाय सुटतात. गेल्या हिवाळ्यापासून माझं टोकही सुटतंय. आधी वाटलं, टेबल हलतंय. सुताराला बोलावलं. त्यानं टेबलावर बसून दाखवलं आणि म्हणाला, मावशी, यावर हत्ती नाचवा. मग स्टँड बदलला. मग दिवा. नव्या बाई फोटो पाहताना पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबू लागल्या. शाळेतल्या शिवण शिकवणाऱ्या मदर टाका उसवायला लावण्याआधी अश्शाच थांबायच्या.

तर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. दार, माणूस, झाड दिसेल, शिंगाचं टोक नाही. हे पत्र सूनबाईनं लिहून घेतलंय, सही तेवढी माझी. रडत लिहू नकोस, असं तिला दोनदा सांगितलं. आता नीट ऐक. टेबलाचा दिवा सूनबाईला. कीटकांची पुस्तकं नव्या बाईंना. स्टँड त्या सुताराच्या मुलीला, ती फोटो शिकतेय. लेन्स तुला. तिच्या रिंगवर मी काळी चिकटपट्टी लावलीय, एकास एकवर. कपाट संपेपर्यंत ती काढायची नाही. स्टुडिओला सुट्टी टाक आणि ये. मी शेजारी बसून एकेकाचं नाव सांगत जाईन, खण कुठला ते तू सांग. नावं पाठ आहेत.

तुझीच,
ताई