तीन चाकांचा केक

२ फेब्रुवारी
आजपासून केक बंद. कायमचे. अडीच वर्षांत एकोणतीस केक झाले, सगळे घरच्यांचे आणि मित्रमंडळींचे, सगळे हौसेने. उजवं मनगट आता डब्याचं झाकण उघडतानाही कुरकुरतं. ऑफिसात सही करताना पेन गळून पडलं. साहेबांनी विचारलं, काय होतंय. म्हणालो, फॉन्डंट. केकवर चढवायचं साखरेचं आवरण ते, पण त्यांना तो आजारच वाटला. लवकर घरी जा म्हणाले. गेलो.

३ फेब्रुवारी
ताईचा फोन. बाबांना अठ्ठावीस तारखेला ऐंशी पूर्ण होतात. तिने छोटा हॉल घेतलाय, तीसेक माणसं. केकचं काय करायचं, असं फार जपून विचारलं. बाहेरून मागवू या का, तू दमतोस रे, असंही म्हणाली. किती काळजी माझी! मी म्हणालो, बाबांचा केक बाहेरून यायचा तर मग मी आहे कशाला? तिने घाईने फोन ठेवला. भरून आलं असणार.
हा शेवटचा. यानंतर बंद म्हणजे बंद.

५ फेब्रुवारी
बाबा म्हणजे घड्याळं. बेचाळीस वर्षं जिन्याखालच्या त्या एवढ्याशा दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले. दुकान बंद करून नऊ वर्षं झाली, तरी आमच्याकडे मागच्या खोलीत टेबल मांडून रोज बसतातच. तेव्हा केक घड्याळाचा. तबकडी आणि दोन काटे कोणीही करेल. मी मागचं झाकण उघडलेलं घड्याळ करणार. चाकं, दात, स्क्रू, सगळं साखरेचं.
एक नोंद फक्त करून ठेवतो. बाबांनी मला आजवर ‘छान केलंस’ म्हटलेलं नाही. बावन्न वर्षांत एकदाही नाही. मला त्याचं काही नाही. एकोणतीसही केक त्यांनी भिंगातून पाहिले आणि चहा मागितला. स्वभाव असतो एकेकाचा. पण हा केक पाहून म्हणतील. म्हणावंच लागेल.

७ फेब्रुवारी
बायको म्हणाली, अहो, बाबांनाच विचारा ना, घरात घड्याळजी बसलाय. हिला सरप्राइज हा प्रकारच कळत नाही. शिवाय बाबांना विचारलं की ते सांगत नाहीत, स्वतःच करून टाकतात. चौथीत मी शाळेच्या स्पर्धेसाठी पुठ्ठ्याची पवनचक्की केली होती. सकाळी उठून बघतो तर यांनी ती सगळी सुटी करून पुन्हा जोडलेली. फुंकर मारली की गरगर फिरायची. पहिलं बक्षीस मिळालं. त्या बक्षिसाच्या कपात मी हल्ली रंगाचे ब्रश ठेवतो.

९ फेब्रुवारी, सकाळी
बाबा फिरायला गेल्यावर त्यांच्या टेबलावरच्या एका उघड्या घड्याळाचं स्केच काढलं. झाकणाच्या आत सुईने कोरलेली बारीक तारीख आणि खाली दोन आडव्या रेघा. ही बाबांची खूण. घड्याळ दुरुस्त होऊन मनासारखं चाललं की मगच कोरायचे. ज्या घड्याळात काही राम नाही ते कागदात गुंडाळायचे आणि एक अक्षर न बोलता परत द्यायचे. गिऱ्हाईकही काही विचारायचं नाही.
खरं सांगायचं तर आतली रचना मला पसरट वाटली. चाकं लांब लांब, मध्ये नुसती मोकळी जागा. डिझाइन म्हणून कच्चं. मी तीन मोठी चाकं त्रिकोणात जवळ घेणार, प्रत्येकाचे दात उरलेल्या दोघांत घट्ट बसवणार. भरगच्च दिसेल. कुटुंबाची एकीही दिसेल.

१३ फेब्रुवारी
फॉन्डंट मळलं. साखरेचा हा गोळा दिसायला कणकेसारखा, पण कणीक असा सूड घेत नाही. लाटलं की भेगा. वनस्पती तूप चोळलं, तर हाताला चिकटलं. पिठीसाखर भुरभुरवली, पुन्हा भेगा. पाठ धरली.
नियम: रोज संध्याकाळी एक तास. त्याहून एक मिनिट जास्त नाही. शिस्त हवी.

१४ फेब्रुवारी
चार तास. पहिल्या चाकाला एकोणीस दात आले, दुसऱ्याला साडेवीस. अर्धा दात स्क्रूखाली लपवला.

१६ फेब्रुवारी
शेजारच्या डेंटिस्टबाईंच्या मुलीचा वाढदिवस. केक बाहेरचा होता. मला त्रास नको म्हणून सांगितलं नाही म्हणे. चांगली माणसं आहेत. तिथे सगळे वरच्या क्रीमसकट खात होते, बोटं चाटत होते. माझ्या केकचं वरचं आवरण लोक अलगद सोलतात आणि ताटाच्या कडेला ठेवतात. कलाकृती मोडवत नाही त्यांना. हा फरक आहे.
डेंटिस्टबाईंनी भावोजींची चौकशी केली. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. गेल्या वर्षी माझ्या केकवरचं जहाज चावताना त्यांचा पुढचा दात गेला, तो बाईंनीच बसवला. आपल्यामुळे दोन कुटुंबांचा असा परिचय वाढतो.

१९ फेब्रुवारी
चाकं वाळेनात. कडक होण्यासाठी पावडर घालतात ती दुप्पट घातली.

२१ फेब्रुवारी
वाळली. एक चाक हातातून निसटलं. चाकाला काही झालं नाही, फरशीचा टवका उडाला. याला म्हणतात काम.
सोनेरी रंग दिला. ऑफिसात एक भुवई सोनेरी गेली. साहेबांनी काही विचारलं नाही. आता त्यांनाही सवय झाली.

२३ फेब्रुवारी
दहा दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. जेवणाच्या टेबलावर चाकं, बाबांना दिसू नयेत म्हणून वर चादर. बायको आज चिडली नाही, हे वाईट लक्षण. शांतपणे म्हणाली, तुम्हाला त्यांच्या तोंडून एक शब्द हवाय ना, मग जा आणि मागून घ्या, ते दहा पावलांवर बसलेत, आणि मला माझं टेबल परत द्या. मी हसलो. काहीतरीच हिचं.
मग बराच वेळ एक चाक हातात धरून नुसता बसलो. दमल्यामुळे.

२६ फेब्रुवारी
केक भाजला, तीन थर. मधला खचला. खड्ड्यात चॉकलेट भरून सपाटी आणली. डोळे चुरचुरतात. बाबांनी दारातून विचारलं, काय जळतंय. काही नाही म्हणालो.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
आवरण चढवलं, चाकं बसवली. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. उकाडा फार, म्हणून फ्रिजमध्ये ठेवला. फॉन्डंट फ्रिजमध्ये ठेवू नये असं केकच्या क्लासमध्ये सांगितलं होतं. ते शिकाऊ लोकांसाठी.

२८ फेब्रुवारी, सकाळी
फ्रिजमधून काढल्यावर केकला घाम फुटला. वरून थेंब ओघळतायत. बायकोने टेबलफॅन लावला, तर सोनेरी रंग एका बाजूला वाहायला लागला. मला मात्र हे आवडलं. नुकतंच तेल घातलेलं घड्याळ वाटतंय.
मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवणार. बाबा जे म्हणतील ते नंतर ऐकायला असावं. ताईसाठी.

१ मार्च, दुपारी
रजा टाकली. कालचं लिहून टाकतो.
गाडीत केक बायकोच्या मांडीवर होता. वळणावर तो थोडा कलला, तीही कलली. हॉलमध्ये नेला तेव्हा सगळे अरे वा म्हणाले. ते नेहमीच म्हणतात. बाबांनी खिशातून भिंग काढलं. स्वतःच्या वाढदिवसालाही भिंग घेऊन आलेले! डोळ्याला लावलं, वाकले. तीस माणसं चिडीचूप. रेकॉर्डिंगमध्ये ही शांतता एक मिनिट वीस सेकंद आहे.
मग म्हणाले, हे फिरणार नाही.
मी म्हणालो, बाबा, हा केक आहे. ते म्हणाले, केक आहे ते दिसतंय मला, पण तिन्ही चाकं एकमेकांत अडकवलीस तर कोण कुणाला फिरवणार? पहिलं उजवीकडे गेलं की दुसरं डावीकडे जाणार, आणि तिसऱ्याने दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. लोक हसले. भावोजी सगळ्यात जास्त, नव्या दातासकट. मीही हसलो. रेकॉर्डिंगमध्ये माझं हसू ऐकू येतं. आत्ता सगळं रेकॉर्डिंगच पुसून टाकलं.
केक कापल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी वरचं आवरण सोललं. नंतर ताटं मीच गोळा केली. इतक्या केकनंतर पहिल्यांदा. आवरणाच्या एकाही तुकड्यावर दाताचा ठसा नव्हता. दोन तुकडे तर खुर्चीखाली सापडले. कलाकृती कोणी खुर्चीखाली टाकत नाही, एवढं मलाही कळतं. आतल्या खोलीत ताईने एक साधा केक मागवून ठेवला होता. कमी पडला तर असावा म्हणून, म्हणाली. तो संपला. माझा उरला.
आणि एक. निघताना बाबांनी ती तिन्ही चाकं उचलली, कागदी रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. एक अक्षर बोलले नाहीत.
म्हणजे संपलंच.

२ मार्च
साचे, लाटणं, रंग, सगळं खोक्यात भरलं. खोकं माळ्यावर. बायकोने टेबल दोनदा पुसलं, मग जवळ येऊन बसली. म्हणाली, फार लागलं का हो? मी म्हणालो, मनगट दुखतंय. ती मनगट दाबत बसली.
बाबांच्या खोलीतून दिवसभर कानशीचा आवाज. कुणाचं तरी घड्याळ आलं असेल. मी तिकडे फिरकलो नाही.

३ मार्च, सकाळी सात
टेबलावर केकखालचा गोल पुठ्ठा. धुऊन पुसलेला. त्यावर माझी तिन्ही चाकं, खिळ्यांवर बसवलेली. त्रिकोणात नाहीत, ओळीने. पहिल्याचे दात दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात. प्रत्येक दात घासून सारखा केलेला. स्क्रूखालचा अर्धा दात गायब. बोटाने पहिलं चाक ढकललं. तिन्ही फिरली. थोडी साखर सांडली, पण फिरली.
पुठ्ठा उलटा केला. कडेला सुईने कोरलेली कालची तारीख आणि खाली दोन आडव्या रेघा.
आधी उड्या माराव्याशा वाटल्या. मग लक्षात आलं, ही खूण दुरुस्तीची. म्हणजे ती त्यांच्या कामाला आहे, माझ्या नाही. पवनचक्कीचंही तेच होतं. आणि त्या वेळी बक्षीस घेऊन मी मित्रांकडे पळालो होतो, यांना काहीच बोललो नव्हतो. नंतरही कधी नाही. त्यांच्या हातून हजारो घड्याळं गेली असतील, एकाही घड्याळाबद्दल मी त्यांना काही म्हटल्याचं आठवत नाही. बावन्न वर्षांत एकदाही नाही.
पुठ्ठा घेऊन त्यांच्या दारात गेलो. म्हणालो, बाबा, छान केलंय.
त्यांनी मान वर केली. भिंग डोळ्यालाच होतं. त्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या अर्ध्या दातापायी अख्खा दिवस गेला, म्हणाले. मग चहा मागितला.
केला. त्यांनी अर्धा पिऊन झाल्यावर म्हटलं, साखर कमी आहे.