मिठूशी कोणी बोलत नाही

६ जानेवारी, सोमवार

बाथरूममध्ये नळ सोडून मिठू बोलत होती. दोन आवाजांत! एक तिचा, दुसरा जरा बारीक, नाकातला.

"अगं, तुझं भूमितीचं झालं का?" — "झालं की. तुला दाखवू?" — "दाखव ना!"

मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी. आधी हसूच आलं. तेरा वर्षांची घोडी झाली तरी पोरकटपणा जात नाही. मग तिच्या स्वतःच्या आवाजात आलं, "उद्या पण बोलशील ना माझ्याशी?" आणि पुढे काहीच नाही. बारीक आवाज उत्तर देईना. नुसता नळ.

दार वाजवलं. बाहेर आली ती लाल डोळ्यांनी. म्हणे, "साबण गेला."

आत्याने हिला मिठू नाव पाडलं ते उगाच नाही. भाजीवाल्यापासून शेजारच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा. तीच पोर सहामाहीची सुट्टी संपल्यापासून घरात हां-हूं करतेय, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडतोय तो आज! वयात येतेय, म्हणत होते. फार शहाणी मी.

७ जानेवारी, मंगळवार

कळलं. वेणी घालताना कळलं. तोंड भिंतीकडे होतं म्हणून बोलली, समोरासमोर बोललीच नसती.

वर्गात एक खेळ आहे. 'म्यूट'. ऑफ तासाला मिठू फार बडबडली म्हणून मॉनिटर ओठांवर बोट ठेवून म्हणाली, हिला म्यूट करू या. सगळे हसले. मिठूही हसली! तिला वाटलं, तासाभराची गंमत. दुसऱ्या दिवशी पण कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. नियम असा, की जो म्यूटशी बोलेल तोही म्यूट. संपलं! एवढ्या एका नियमावर अख्खा वर्ग गप्प.

पट्टी मागितली तर कोणी देत नाही, 'नाही' असंसुद्धा म्हणत नाही. प्रयोगशाळेत जोडी नाही. एकदा तिने मुद्दाम पाण्याची बाटली बाकाखाली सांडली — निदान कोणी ओरडेल तरी! कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी पाय तेवढे वर घेतले.

"मारलं असतं तर बरं झालं असतं गं आई. दाखवता तरी आलं असतं."

माझ्या हातातला कंगवा मोडला. खरंच मोडला.

मॉनिटर म्हणजे वकीलबाईंची मुलगी. वक्तृत्वात पहिली. छातीवर शिस्तीचा बिल्ला!

८ जानेवारी, बुधवार

दुकानातून अर्धी सुट्टी काढून शाळेत गेले. चष्म्यांचं काम तुंबलंय, दुकानाचे मालक काका कुरकुरले, कुरकुरू देत.

वर्गबाई वह्या तपासत होत्या. मान वर केली नाही.

"कोणी मारलं का हिला?"

"नाही."

"शिवी? चिडवाचिडवी? मोबाइलवर काही?"

"नाही हो. बोलतच नाहीत."

"मग?" असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आता बोलायची सक्ती कशी करणार आपण? मुलींचं असंच असतं. आज कट्टी, उद्या गळ्यात गळे. आणि खरं सांगू का, रागावू नका, वर्गात आता फार शांतता असते."

शांतता असते! बाईंना शांतता आवडतेय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तुमच्याशी शिक्षक-खोलीत उद्यापासून कोणी बोललं नाही तर? हसल्या. "तुम्ही फार मनाला लावून घेता."

जिना उतरताना वर्गावरून आले. मधली सुट्टी. सगळा घोळका खिडकीपाशी, आणि मिठू आपल्या बाकावर डबा उघडून. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि प्रत्येकाला ती नेमकी कुठे बसलीय ते पक्कं माहीत होतं. तिला वळसा घालून जात होते सगळे, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा.

९ जानेवारी, गुरुवार

नवरा म्हणतो, "तिला दुर्लक्ष करायला शिकव." अख्खा वर्ग रोज तेच करून दाखवतोय, आणखी शिकवणी कशाला हवी!

११ जानेवारी, शनिवार

बाकावरची मैत्रीण दुकानात आली. बालवाडीपासून मिठूच्या शेजारी बसणारी. वडील बाहेर गाडी लावत होते. चष्म्याची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू पिळला, दांडी गरम करून थोडी वाकवली, आणि तिच्या कानामागे बसवून बघत होते. माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर. कुठे बघणार बिचारी!

"टोचतंय का?"

"नाही काकू."

"मिठू कशी आहे गं?"

ओठ थरथरायला लागले. मला दया आली नाही. खरंच नाही आली.

"मी काही केलं नाही, काकू."

"तेच विचारतेय. का नाही केलंस?"

"मला बोलायचंय हो तिच्याशी. पण मग मला म्यूट करतील. आम्ही सगळ्यांनी एकदम बोलायचं ठरवलं तर चालेल ना, पण आधी कोण बोलणार?"

वडील आत आले. "काय गं, रडतेयस का?" मी म्हटलं, दांडी जरा गरम लागली असेल. ते म्हणाले, "आमची आहेच नाजूक."

आमची! अशा आमच्या-आमच्या चाळीस नाजूक पोरी-पोरांनी मिळून माझ्या मुलीला जिवंतपणी पुसून टाकलंय. प्रत्येकाचा हात स्वच्छ. कोणीच काही केलेलं नाही! दिवसभर लेन्स घासत होते आणि तेच वाक्य डोक्यात गरगरत होतं. एक लेन्स जास्त घासली गेली. वाया.

१३ जानेवारी, सोमवार

वकीलबाईंना फोन केला. फार सभ्यपणे सुरुवात केली. आवाज चढू द्यायचा नाही, असं ठरवून.

"म्हणजे माझ्या मुलीने कोणाशी बोलावं ते तुम्ही ठरवणार?"

"तसं नाही. तिने इतरांना बोलू देऊ नये, हे—"

"तुमच्याकडे काही आहे का? कोणी ऐकलं? कोणी पाहिलं?"

काय असणार? न बोललेलं कोण ऐकणार! बाईंनी 'शुभ दिवस' म्हणून फोन ठेवला. शुभ!

१४ जानेवारी, मंगळवार

आज तोंडी परीक्षा होती. मिठूला सगळं येत होतं. सकाळी चहा गाळताना माझ्यासमोर धडाधडा म्हणून दाखवलं. वर्गात उभी राहिली आणि आवाजच आला नाही. बाईंनी दोनदा विचारलं, मग पुढचा नंबर घेतला.

"मला वाटलं मी बोललेय," म्हणाली. "आई, मला वाटलं मी बोललेय, आणि बाईंनी पण मला म्यूट केलंय."

तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी उभी. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. आज 'दुर्लक्ष कर' म्हणाला नाही. चप्पल घालून बाहेर पडला आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हातांनी परत आला. कशाला गेला होतास, म्हटलं. म्हणाला, "माहीत नाही."

मला मात्र माहीत आहे काय करायचं ते.

१५ जानेवारी, बुधवार

केलं!

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिले. मॉनिटरला मी आधी लांबूनच पाहिलं होतं, व्यासपीठावर. जवळून एवढीशी निघाली. मिठूच्या खांद्याला लागेल. दातांना तार. मला जरा धक्काच बसला, पण पाय थांबले नाहीत.

"ए! इकडे ये."

आली. शहाण्यासारखी आली, "काय काकू?" म्हणत. त्या 'काकू'नेच माझं डोकं फिरलं.

"बोल. आता बोल की माझ्याशी! वक्तृत्वात पहिली ना तू? सांग, माझ्या मुलीने काय घोडं मारलंय तुझं? आता का वाचा बसली? कोणी म्यूट केलं का तुला?"

आजूबाजूला गर्दी. सगळा वर्ग, वरचे वर्ग, न्यायला आलेले आईबाप. ती मान खाली घालून बिल्ल्याशी चाळा करत होती. मी थांबायला हवं होतं का? थांबले नाही. म्हटलं, "लाज वाटत नाही? तुझ्यासारख्या मुलीला कोणी दारात उभं करू नये! सगळे तुला घाबरतात म्हणून तुझ्याशी बोलतात. उद्या भीती गेली की बघ, एक कुत्रं विचारणार नाही तुला!"

कोणीतरी हसलं. आधी एक, मग पुष्कळ. एका पोराने मोबाइल वर धरला होता. ती रडायला लागली, तोंडावर हात न घेता, लहान मुलं रडतात तशी. मी मिठूचा हात धरला आणि निघाले.

खरं लिहिते: बरं वाटलं. फार बरं वाटलं. रस्ताभर छातीत ढोल वाजत होता.

मिठू एक अक्षर बोलली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आता बघा, इतके दिवस ज्यांना एक नियम सापडत नव्हता त्यांच्या टेबलावर आज नियमांचा ढीग! शाळेच्या आवारात पालकाने परक्या मुलाला अमुक, अल्पवयीन मुलीला तमुक. समिती बसणार. लेखी माफी हवी. वर्गबाई बाजूला बसून मान डोलवत होत्या.

"माझ्या मुलीच्या तोंडातून आवाज निघेना, तेव्हा समिती कुठे होती?"

"तो विषय वेगळा आहे, बाई."

वेगळा! कसा वेगळा? एक मुलगी रडली ती सगळ्यांना दिसली, दुसरी रोज आतल्या आत रडत होती ती कोणाला दिसली नाही, एवढाच फरक!

वकीलबाई काळ्या कोटातच आल्या होत्या. खोलीत असेपर्यंत चिरेबंदी. बाहेर व्हरांड्यात मात्र माझ्याशेजारी थांबल्या.

"तो व्हिडिओ बघितलात?"

"नाही."

"बघू नका. हसण्याचे आवाज आहेत त्यात." मग, "कालपासून पांघरुणातून बाहेर आली नाहीये. मी तिला विचारलं, तू खरंच असं करत होतीस का? म्हणाली, गंमत होती. मी तिच्या वयाचं सगळं वाचते, तपासते, डबा बघते, वह्या बघते. हे मला दिसलं कसं नाही?"

मला म्हणायचं होतं, फोनवर तर फार पुरावे मागत होतात! म्हटलं नाही. पण 'सॉरी' पण म्हटलं नाही. दोघी भिंतीवरचा सूचनाफलक वाचत उभ्या राहिलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

मिठू घरीही बोलत नाही. बापाशी बोलते. माझ्याशी नाही. "तू सगळ्यांसमोर का केलंस?" एवढंच, तेही सकाळी, दप्तराकडे बघत.

१८ जानेवारी, शनिवार

काका म्हणाले, "चूक पोरांची नसते हो, संस्कारांची असते." हातातली फ्रेम त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. संस्कार म्हणजे कोण? कुठे राहतात? फोन नंबर काय त्यांचा? उद्या फाटकाशी जाऊन त्यांनाच गाठते!

मॉनिटरने ओठांवर बोट ठेवलं — बरोबर, चूक तिची. पण एकट्या बोटाने काय होतं? वर्ग गप्प बसला म्हणून झालं. वर्ग गप्प बसला कारण बाईंना शांतता हवी होती. बाईंना शांतता हवी होती कारण मुख्याध्यापिकांना तक्रार नको होती. आणि आपण घरात बसून म्हणतो, मुलं आहेत, आपसांत मिटवतील. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मध्ये माझी पोर नळ सोडून भिंतीशी बोलते.

माफीनामा लिहायला घेतला. 'मी दिलगीर आहे' पर्यंत आले आणि कागद फाडला. नाहीये मी दिलगीर!

१९ जानेवारी, रविवार

व्हिडिओ बघितला. नवऱ्याच्या मोबाइलवर आला होता, कोणीतरी वर 'वाघीण' असं लिहून पाठवला होता.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. ती पोर किती बुटकी आहे.

माफीनामा लिहिला. उद्या देते.

२१ जानेवारी, मंगळवार

दुकानातून आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत पाच-सहा मुली, नुसता कलकलाट. बाकावरची मैत्रीण मिठूच्या मांडीवर डोकं ठेवून लोळतेय. मिठू बोलतेय, हसतेय, दम लागेपर्यंत बोलतेय! मला बघून धावत आली, गळ्यात पडली. कानात म्हणाली, "आई, आता तिला म्यूट केलंय. सगळ्यांनी मिळून. आज मीच बोट ठेवलं."

मी सगळ्यांना सरबत करून दिलं. काही बोलले नाही.