सोजरबाईंचा अंगठा

पुणे,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय अपेक्षा,

नमस्कार. विद्यार्थ्यांना लिहिताना आशीर्वाद लिहिते. आज तो शब्द लिहवेना.

तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले. सोजरबाई आजी गेल्याचं वाचलं. इकडे सगळं तसंच आहे. स्टुडिओत तीच पितळी घागर मांडलेली असते. पोचा आलेली बाजू प्रत्येक बॅच भिंतीकडे करते. मॉडेल म्हणून बसणाऱ्या कांताबाई परवा म्हणाल्या, "वाघोलीची पोरगी कुठाय? ती एकटीच विचारायची, पाय आखडले का म्हणून." मी म्हटलं, "येईल." खोटंच.

तू लिहिलंस, 'फोटो काढताना आजी उजवा हात पदराखाली घ्यायची. तिचा अंगठा फक्त माझ्या चित्रात आहे, तुमच्या रंगाखाली. चित्र परत मिळेल का?'

मिळेल. पण आधी हे वाच.

शिक्षकाने विद्यार्थ्याच्या जागी बसून चूक सुधारायची, ही आपल्याकडची पद्धत. माझ्या सरांनी माझ्या चित्रांवर हात फिरवला, मी तुमच्या. त्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक यायला दोन तास होते. तू सकाळीच रंगवलेला आजीचा अंगठा मागे वळलेला दिसला आणि मी तो सरळ केला. कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून तो तसा झाला होता, हे मला माहीत नव्हतं.

हे शेवटचं वाक्य मी तीन मसुद्यांत लिहिलं. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. तू माझ्यामागे उभी राहून म्हणाली होतीस, "मॅडम, तो तसाच आहे." मी ऐकलं होतं. "आधी शरीररचना शीक, मग हट्ट कर," असं म्हणाले. वर्ग हसला. मला ते आवडलंही.

पहिलं पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी नेमकं हाताचंच कौतुक केलं. प्रदर्शनात आजी चित्रासमोर थांबल्या नि म्हणाल्या, "ह्यो हात कुणाचा हाय?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी आमच्या विभागप्रमुखांशी, रंगनाथ सरांशी बोलत होते. बोलतच राहिले. ते जाताना म्हणाले, "अभिनंदन, दीपालीबाई. पारितोषिक नक्की कोणाला मिळालं म्हणायचं?" त्यानंतर तू वर्गात आली नाहीस.

दिवाळीच्या सुट्टीत, तुझा मेसेज येण्याआधी, मी एकटी स्टुडिओत गेले. माझा अंगठा काढला की खाली तुझा सापडेल, असं वाटलं. टर्पेंटाइन लावलं, सुरीने हलकेच खरवडलं. पण तुझा रंग ओला असतानाच मी वर माझा चढवला होता. दोन्ही एकजीव होऊन वाळले होते, ते एकत्रच निघाले. आता तिथे कोरा कॅनव्हास आहे. तुला न विचारता मी दुसऱ्यांदा हात लावला.

नंतर तो अंगठा आठवून कागदावर काढायला बसले. आठवेना. मी तो पाहिलाच नव्हता. फक्त चूक पाहिली होती.

शिकायला परत ये, असं लिहायला हवं. पण कोणाकडे, ते लिहिता येत नाही.

शनिवारी चित्र वाघोलीला आणून देते. दारातूनच परत फिरेन. रिकाम्या जागी मी काही भरलेलं नाही.

त्या सरळ अंगठ्याखाली सही तुझी होती. या पत्राखाली माझी आहे.

दीपाली