वरच्या मजल्याचं पाणी

६ जानेवारी, मंगळवार

पोचलो एकदाचा देवळाली प्रवराला. तिसगावच्या स्टँडवर आबांनी शेवटचं लेक्चर दिलं, पण एसटी हलली आणि डोकं हलकं झालं. इथं जिकडं बघावं तिकडं ऊस. रस्त्याला ट्रॉल्या, हवेत कारखान्याच्या मळीचा गोडसर घाण वास. मला तोसुद्धा आवडला.

कारभारीमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या आणि ड्रेनेज मोकळं करून देतो. आता मी त्याच्या हाताखाली. मामा म्हणाला, सायन्सला हुतास न्हवं, मग घाल हात अन् सांग पानी कुठं अडलंय. वर्गातल्या एकाचे दात पाडून मधेच कॉलेज सोडलेल्याला दुसरं कोण काम देणार? पण मी खूष आहे. खोली माधवसरांच्या घराच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. कॉट, खिडकी, नहाणी. सर रिटायर्ड शिक्षक, वर राहतात. आणि त्यांची मुलगी भार्गवी. किल्ली तिनंच आणून दिली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी सोडलं नसतं तर मीही त्याच वर्षाला असतो.

डायरी हार्डवेअरवाल्यानं फुकट दिली. लिहायला घेतली ती कुणामुळं, ते लिहीत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज नशीब फळफळलं. सरांचं सिंक तुंबलं आणि मामा दुसऱ्या कामावर, म्हणून मला एकट्याला वर जायला मिळालं. पाईपात तुंबा काढायची लांब स्प्रिंग घातली, चहापत्ती, भात, केसांचा एक गुंता, सगळं ओढून काढलं. गुंत्यात लांब केस होते. ते लगेच टाकवले नाहीत.

हात घाण होते म्हणून सरांनी चहा जिन्यावर आणून दिला. भार्गवी दारात टेकून उभी होती. तुझ्या नाकाला काय लागलंय बघ, म्हणाली, आणि हसली. तो चहा मी इतका हळू प्यायलो की गार झाला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. भार्गवीनं तिळगूळ दिला. गोड बोल म्हणाली, आणि तू जरा जास्तच घे, मामा सांगत होते तू किती तापट आहेस ते. मामाला नंतर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण वर जायला रोज कारण कुठून आणायचं? दुपारी सर बँकेत, ती कॉलेजला. वरच्या सिंकचा पाईप भिंतीवरून उतरून माझ्या खिडकीखालच्या चेंबरला येतो. पाईपाच्या तळाचं झाकण उघडलं आणि माझा जुना निळा शर्ट आत कोंबला. कॉलेजच्या मारामारीत कॉलर फाटली होती त्याची, पुन्हा घालणार नव्हतोच. चांगला ठासून बसवला. आता उद्या सिंक भरणार, आणि हाक मारायची तर ती मलाच.

१६ जानेवारी, शुक्रवार

हाक आली नाही. दोन दिवस झाले, पाणी व्यवस्थित जातंय. झाकण उघडलं तर शर्ट नाही. पाण्यानं पुढं ढकलला म्हणावं तर चेंबरमध्येही नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. संध्याकाळी आंघोळीला बसलो होतो. नहाणीच्या जाळीतून वरच्या स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं. भार्गवी, आणि कुणी पुरुष. सर नव्हेत, तरुण आवाज. तो हळू काहीतरी सांगायचा आणि ती हसायची. ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते आठवेना. तिचं हसणं मात्र जिन्यावरच्यापेक्षा मोकळं होतं. साबण डोळ्यात जाईस्तोवर मी ऐकत बसलो.

१९ जानेवारी, सोमवार

तो रोज येतो. जिन्यावर पावलं वाजत नाहीत, गाडी नाही, चप्पल नाही. येतो कुठून? मी समोरच्या टपरीवर दबा धरून बसलो तरी दिसला नाही, आणि खोलीत येऊन जाळीला कान लावला तर हजर. आज ती त्याला सांगत होती की तिला पुढं शिकायचंय, पण बाबांना एकटं सोडवत नाही. मला हे कधी सांगितलं नाही. तो म्हणाला, मी आहे ना खाली.

खाली तर मी आहे.

जाळीवर वस्तरा आपटला. वर दोघंही गप्प झाले. मग तो एकटाच हसला.

२२ जानेवारी, गुरुवार

मामानं आज पाठीवर थाप मारली. लई शाना झालास गड्या, म्हणाला. सरांचा फोन आलता म्हणे. तुमचा भाचा सकाळी स्वतःहून येतो, सिंक बघतो, बाथरूम बघतो, किती शांत पोरगा. आम्ही त्याला आत पाटावर बसवून साबुदाण्याची खिचडी खायला घातली.

मी सकाळी राहुरीत पाईप आणायला गेलो होतो. मामानंच पाठवलं होतं. हे सांगितलं तर मामा डोळा मारून म्हणाला, व्हय व्हय, राहुरीतच हुतास तू.

मला चहा जिन्यावर. आणि तो आत पाटावर.

२४ जानेवारी, शनिवार

जिन्यात भार्गवीला गाठलं. सरळ विचारलं, घरी कोण येतं. ती आधी हसली, मग माझ्याकडं बघून थांबली. करण, तूच तर येतोस, म्हणाली. निळा शर्ट घालून. नेहमी ओलाच असतो तो, मी ओरडतेसुद्धा, आजारी पडशील म्हणून. परवा कॉलर शिवून नाही का दिली.

भीती वाटायला हवी होती. नंतर वाटलीही, दार लावून बसल्यावर. पण जिन्यात आधी एकच डोक्यात आलं, की त्या शर्टाची कॉलर तिनं शिवली. माझ्यासाठी तिनं कधी बटणसुद्धा लावलं नाही.

मी ओरडलो. काय बोललो आठवत नाही. ती वर पळाली. जाता जाता म्हणाली, काल किती छान बोलत होतास, आज काय झालंय तुला?

२६ जानेवारी, सोमवार

सर झेंडावंदनाला गेले तेव्हा चेंबर उघडलं. साबणाचा थर, केस, काळा गाळ. गाळात खोलगट जागा पडली होती, कुशीवर झोपून कुणी उठल्यासारखी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे. माझ्या उजव्या अंगठ्याला लहानपणी विळा लागला होता, त्याची खूण आहे. ठशालाही आहे.

ॲसिडची बाटली अख्खी ओतली. मामा ॲसिडला हात लावू देत नाही, पण मामाला काय सांगणार. वर कुणीतरी खोकलं. खूप वेळ खोकलं. भार्गवी धावत आलेली ऐकू आली, पाणी देऊ का म्हणाली, मध देऊ का म्हणाली.

माझा घसा जळतोय.

२७ जानेवारी

आवाज गेला. तोंड उघडलं की फक्त गुळगुळ येते, मोरी उतरताना येते तशी. वर तो बोलतोय. त्याचा घसा बरा झाला. तिनं मध दिला होता.

आता कळलं आवाज कुणाचा ते. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, बाहेरून ऐकला की —

२८ जानेवारी

वर गेलो. सरांनी दार उघडलं. नाकाला रुमाल लावला. मला ओळखलं नाही. मी छातीवर हात ठेवून दाखवत होतो, मी, मी. सर बिचारे घाबरले. आत बघून म्हणाले, करण, बघ रे जरा, कोण आलंय, त्याला बोलता येत नाही वाटतं.

आतून माझा आवाज आला, जेवतोय सर, थांबायला सांगा त्याला.

भार्गवी वाढत होती. तिची पाठ दिसली. वळली नाही. एकदा वळली असती तरी —

खोलीत आरशात बघितलं. केसांना साबणाचा फेस. धुतला. पुन्हा आला.

२९ जानेवारी

मामाची मोटारसायकल वाजली. खिडकीला तोंड लावलं. मामा म्हणत होता, चल भाच्या, आज पतसंस्थेचं काम हाय. तो मागं बसला. निळा शर्ट, कॉलरला पांढरा दोरा. बारीक टाके. किती मन लावून घातलेत.

जाताना त्यानं खिडकीकडं बघितलं. रागानं नाही. मला त्याच्यासारखं बघता आलं असतं तर ती माझी —

दुपारी ती गुणगुणत होती. त्याची वाट बघताना.

३० जानेवारी, दुपार

दार उघडत नाही. बाहेरून कडी. खिडकीला गज.

जाळीतून पाणी वर येतंय. त्यानं चेंबर बुजवलंय, मला माहीत आहे कसं, ठासून, मीही असाच —

कॉटवर बसून लिहितोय. पाणी कॉटच्या पायांच्या वर. कोमट. तिच्या धुण्याच्या साबणाचा वास.

लोखंडी पान्यानं पाईप वाजवतोय. वर ऐकू जातंय. भार्गवी म्हणाली, खाली काय वाजतंय. त्यानं सांगितलं, काही नाही, पाईपात हवा धरली असेल. ती म्हणाली, नाही, कुणीतरी आहे, मी बघून येते.

जिन्यात तिच्या चपला. माझ्यासाठी. पहिल्यांदाच माझ्यासाठी —

अर्ध्यात थांबल्या. तो मागून आला. माझ्या आवाजात, मला कधीच जमलं नाही इतक्या मायेनं म्हणाला, तू कशाला हात घाण करतेस, जा वर, मी —

ती थांबलीय अजून. भार्गवी, एकदा फक्त क