बॅन्जो लावायला वेळ लागत नाही

४ मे, रविवार
काल फायर स्टेशनच्या हॉलमध्ये फिश-फ्रायचा कार्यक्रम. 'स्टर्गिल आणि हॅल्सी' ही आमची जोडी, बावीस वर्षं. अख्ख्या व्हर्जिनियाच्या डोंगरात अशी दुसरी नाही. बॅन्जो मी, फिडल (व्हायोलिनच ते) गार्नेट हॅल्सी, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. संगीत माझं, तोंड त्याचं.

दर गाण्याला सूर बदलतो, बॅन्जो नव्याने लावावा लागतो. वाद्यच तसं आहे. मी खुंटी पिळतोय आणि हा माईकवर सांगतोय, दाजी स्वतःच्या लग्नात बॅन्जो लावायला बसले, आता पोरीचं लग्न ठरलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी! चीड आली. अस्सल कलेची ही किंमत?
संकल्प: स्टेजवर ट्यूनिंग बंद. म्हणजे त्याची बडबडही बंद.

७ मे
उपाय सापडला. चार बॅन्जो! एकेक एकेका सुरात घरूनच लावून न्यायचा. चारही खऱ्या कातड्याने मढवलेले. प्लॅस्टिकला मी हात लावत नाही. बायकोला दाखवले. ओमा म्हणाली, आधी एकच बेसूर होता. तिला संगीतातलं काही कळत नाही.

११ मे
चर्चचा हॉल. अफाट यश. दीड तासाचा प्रोग्राम अडतीस मिनिटांत संपवला! एकदाही कोणी हसलं नाही. लोक इतके भारावले की मध्येच उठून कॉर्नब्रेडच्या टेबलाकडे गेले. शेवटी पास्टर येऊन विचारतात, सुरू कधी करताय? विनोदी माणूस.
गार्नेट म्हणाला, दाजी, पाया पडतो, एक तरी तार बिघडलेली ठेवा. ठाम नकार दिला.

१६ मे
मोठी बातमी. गावातल्या जुन्या थिएटरच्या मालकीणबाई, मिसेस टॉलिव्हर, २४ला भरल्या थिएटरात आमची परीक्षा घेणार. पास झालो तर वर्षभर दर शनिवारचं स्टेज आमचं. बावीस वर्षं मासे तळणाऱ्यांपुढे वाजवलं. मला हे हवंय. फार हवंय. काळजीने जेवण जात नाही. (सकाळी पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही, दोनदाच.)

२४ मे, सकाळ
पहाटे उठून चारही लावले. बाहेर दाट धुकं, भुरभुर. बॅन्जो गाडीच्या मागच्या उघड्या भागात ठेवले, वर ताडपत्री. गार्नेट म्हणाला, दमट हवेत कातडं सैल पडेल, पुढे घ्या. पुढे कुठून घेऊ? तिथे माझा सूट आहे. मला शिकवू नकोस म्हटलं.

२५ मे
काल थिएटरात पोचेपर्यंत बॅन्जो सुरातून उतरले. चारही.
गार्नेटला म्हटलं, दोन मिनिटं सांभाळ, आणि विंगेत लावत बसलो. त्याने पहिल्या रांगेतल्या ओमाला स्टेजवर ओढलं. बहीणभावाची जुंपली. विषय मी. हशा पडद्याआड ऐकू येत होता. मला वाटलं, बरंय, माझ्यासाठी पब्लिक तापतंय. चौथा बॅन्जो लागल्यावर ऐटीत बाहेर आलो. लोक घरी जायला कोट घालत होते.

२९ मे
थिएटरचं पत्र आलं. वर्षभराचा करार. 'गार्नेट आणि ओमा'.
ओमा म्हणाली, तू नको म्हणालास तर नाही जाणार. नको म्हणणारच होतो. पण पत्र वाचताना ती लाजली होती. किती वर्षांनी! जा म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? खूप वाईट वाटलं.
मलाही काम दिलंय. विंगेत बसून, माईकसमोर बॅन्जो लावायचा. स्टेजवर यायचं नाही. उघड आहे, इतकी जबाबदारी ऐऱ्यागैऱ्यावर टाकता येत नाही.

७ जून
पहिला शनिवार. हाउसफुल्ल. जीव ओतला. पाच मिनिटांत बॅन्जो कडक सुरात! आयुष्यात पहिल्यांदा. कान भरून आले माझे.
पलीकडे माझ्या न लागणाऱ्या बॅन्जोबद्दल बोलता बोलता ओमाचं वाक्य अर्ध्यात अडकलं. तीनशे माणसं चिडीचूप. गार्नेट पडद्यातून डोकं घालून कुजबुजला, दाजी, पोटावर पाय आणता का आमच्या?
पाचवी तार सैल केली. लोक हसले.